सेक्शन ८ चे भाडेकरू आणि घरमालकाची जबाबदारी : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील आपल्या अनेक वाचकांनी राहत्या घराखेरीज एखादे टाउनहाउस किंवा दोन कुटुंबांचे घर गुंतवणूक म्हणून घेतलेले आहे. त्यांच्याकडून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये सरकारी व्हाउचर, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरेल असे मंजुरीपत्र, घेऊन येणाऱ्या भाडेकरूंविषयीचे प्रश्न इतके आहेत, की या अंकातील सदर त्या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले. बोलण्यात ‘सेक्शन ८’ म्हणून ओळखली जाणारी ही योजना १९३७ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यात १९७४ साली झालेल्या बदलातून उभी राहिली, आणि तिच्या आजच्या मुख्य स्वरूपाला ‘हाउसिंग चॉइस व्हाउचर’ असे अधिकृत नाव आहे. देशभरातील सुमारे २३ लाख कुटुंबे तिच्या आधाराने भाड्याच्या घरांत राहतात. पैसा ‘हड’ या केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडून येतो आणि कारभार स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी पाहते.

हिशोबाचे तत्त्व असे, की कुटुंबाने आपल्या मासिक उत्पन्नाच्या, म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेल्या रकमेच्या, साधारण ३० टक्के स्वतः भरावेत आणि मंजूर मर्यादेतील उरलेले भाडे ऑथॉरिटीने थेट घरमालकाच्या खात्यात जमा करावे. समजा, भाडे २,४०० डॉलर मंजूर झाले आहे, ते त्या भागासाठी ठरवलेल्या मर्यादेत बसते, वीज आणि गॅस त्यातच धरलेले आहेत आणि कुटुंबाचे हिशोबी उत्पन्न महिना २,००० डॉलर आहे. तर भाडेकरू ६०० डॉलर देईल आणि ऑथॉरिटी १,८०० डॉलर देईल. बहुतेक पत्रलेखकांचा समज असा दिसतो, की सरकारचा पैसा आला म्हणजे घराचा काही भार सरकारनेही उचलला. तसे होत नाही. भाडेकरू निवडणे, घर राहण्याजोगे ठेवणे, भाडेकरूच्या वाट्याचे भाडे वसूल करणे, अनामत सांभाळणे आणि करार पाळला जातो की नाही हे पाहणे ही सारी कामे घरमालकाचीच राहतात.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी येथे आमचे एक टाउनहाउस आहे. भाड्याची जाहिरात दिल्यावर एका बाईंनी आपल्याकडे सेक्शन ८ चे व्हाउचर असल्याचे सांगितले. आम्हाला तपासणी आणि कागदपत्रांची दगदग नको आहे. ‘आम्ही ही योजना घेत नाही’ असे नम्रपणे कळवले तर चालेल का?

न्यू जर्सीत चालणार नाही. कितीही नम्र शब्दांत लिहिले तरी तो नकार बेकायदा ठरतो. आधीपासून राहत असलेल्या एका भाडेकरूला व्हाउचर मिळाले आणि घरमालकाने ते स्वीकारण्यास नकार दिला, अशा प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला होता. ‘फ्रँकलिन टॉवर वन विरुद्ध एन. एम.’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. योजनेच्या कागदपत्रांची कटकट नको, हे कारण न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. पुढे २००२ मध्ये राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातच भाडे भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कायदेशीर उत्पन्नाच्या स्रोताला संरक्षण मिळाले. त्यामुळे ‘सेक्शन ८ नको’ अशी ओळ जाहिरातीत घालणे, फोनवर तसे सांगणे किंवा व्हाउचरचे नाव ऐकताच घर गेले असल्याची थाप मारणे, या सर्व गोष्टी तक्रारीस पात्र आहेत. दोन कुटुंबांच्या घरात एका भागात मालक स्वतः राहत असेल, तर दुसरा भाग भाड्याने देताना या कायद्यातून काही सूट मिळते. पण तुमचे टाउनहाउस स्वतंत्र आहे, तेव्हा ती सूट तुम्हाला लागू होत नाही.

हा नियम साऱ्या देशाचा नाही, हेही येथे सांगायला हवे. घर देण्यातील भेदभावाविरुद्धच्या केंद्रीय फेअर हाउसिंग कायद्यात उत्पन्नाच्या स्रोताचा उल्लेख नाही, आणि टेक्सासने तर २०१५ मध्ये आपल्या शहरांना असे संरक्षण देणारे नियम करण्यास मनाई करणारा कायदा केला. म्हणून डॅलसच्या मित्राने दिलेला सल्ला एडिसनमध्ये वापरू नये.

व्हाउचर नाकारता येत नाही, याचा अर्थ येईल त्या भाडेकरूला घर द्यावेच लागते असा नाही. कुटुंब योजनेस पात्र आहे की नाही एवढे ऑथॉरिटी पाहते. ते भाडेकरू म्हणून योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचे काम केंद्रीय नियमांनी स्पष्टपणे घरमालकावर सोपवले आहे. पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करा, भाडे वेळेवर दिले होते का, घर नीट ठेवले होते का, ते विचारा. मात्र इतर अर्जदारांना जे विचाराल तेच आणि तेवढेच विचारा. उत्पन्नाची अट घालणाऱ्यांची चूक येथे हमखास होते. ‘उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवे’ अशी अट असेल, तर न्यू जर्सीत ती पूर्ण भाड्याला लावता येत नाही, भाडेकरूच्या वाट्याला येणाऱ्या रकमेलाच लावता येते. वरच्या उदाहरणात ती ६०० डॉलरच्या तिप्पट होईल, २,४०० च्या नव्हे. गुन्हेगारी पार्श्वभूमीची चौकशीसुद्धा १ जानेवारी २०२२ पासून सशर्त होकार दिल्यानंतरच करता येते.

दगदगीविषयी म्हणाल, तर ती सुरुवातीला असते. भाडेकरूने आणलेला मंजुरी-विनंतीचा अर्ज तुम्ही भरून देता, ऑथॉरिटी भाडे वाजवी आहे का ते पाहते, घराची तपासणी होते, आणि त्यानंतर दोन करार होतात : एक तुमचा आणि भाडेकरूचा भाडेकरार, दुसरा तुमचा आणि ऑथॉरिटीचा. या दुसऱ्या कराराला ‘हॅप’ करार म्हणतात. त्याचा तिसरा भाग म्हणजे भाडेकराराला जोडायची पुरवणी, आणि ती प्रत्येक घरमालकाने सही करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचावी. कारण तुमच्या भाडेकरारातील एखादे कलम आणि ही पुरवणी यांत विसंगती आली, तर पुरवणीचे म्हणणे चालते. पहिली मुदत सहसा एक वर्षाची असते. पुण्या-मुंबईच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा मसुदा इथे आणून डकवणारे घरमालक मला ठाऊक आहेत. त्या कागदाचा येथे काहीही उपयोग होत नाही.

प्रश्न : जर्सी सिटीतील आमचे जुने घर ऑथॉरिटीच्या तपासणीत नापास झाले. यादीत धूरसूचक यंत्र, स्वयंपाकघरातील एक प्लग, जिन्याचा कठडा आणि पोपडे आलेला रंग अशा गोष्टी आहेत. शिवाय एक दार भाडेकरूच्या मुलाने फोडले आहे. हे सर्व आम्हीच करून द्यायचे का? न केल्यास काय होईल?

तुमच्या यादीतील पहिल्या चार गोष्टी निःसंशय तुमच्या आहेत. तपासणीला कटकट समजणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की या यादीतील प्रत्येक ओळीमागे कोणाच्या तरी घरात लागलेली आग, बसलेला विजेचा धक्का किंवा आजारी पडलेले मूल आहे. योजनेतील घरांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र, जिथे त्या वायूचा धोका संभवतो तिथे, डिसेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे. धूरसूचक यंत्र डिसेंबर २०२४ पासून एकतर घराच्या वीजजोडणीवर चालणारे हवे किंवा दहा वर्षे टिकणाऱ्या, काढता न येणाऱ्या बॅटरीचे हवे. नऊ व्होल्टची बॅटरी काढून रिमोटमध्ये घालण्याची सोय त्यातून मुद्दाम बंद केलेली आहे. सिंकजवळच्या प्लगला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी सुरक्षा लागते. चार किंवा अधिक पायऱ्या असतील तर कठडा लागतो.

रंगाकडे सर्वांत अधिक लक्ष द्या. १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरली जाते, आणि सहा वर्षांखालील मूल त्या घरात राहणार असेल तर पोपडे आलेला रंग हा योजनेच्या दृष्टीने गंभीर दोष ठरतो. शिशाने मुलाच्या मेंदूचे होणारे नुकसान भरून येत नाही. त्यामुळे वरून एक हात मारून पोपडे झाकू नयेत; हे काम शिशाच्या रंगासाठी प्रमाणपत्र घेतलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. न्यू जर्सीने २०२१ च्या कायद्याने १९७८ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी वेगळी तपासणीही आवश्यक केली आहे, आणि ती व्हाउचर असो वा नसो, करावीच लागते.

मुदतीचे म्हणाल, तर जिवाला धोका असलेला दोष २४ तासांत दूर करावा लागतो. गॅसची गळती, उघड्या विद्युतवाहिन्या, ऐन थंडीत बंद पडलेली उष्णताव्यवस्था, नसलेले किंवा बंद असलेले धूरसूचक यंत्र हे त्या प्रकारात येतात. बाकी दोषांसाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात आणि योग्य कारण असल्यास ऑथॉरिटी मुदत वाढवू शकते. पण वाढ मुदत संपण्यापूर्वी लेखी मागावी. मुदतीत काम झाले नाही तर ऑथॉरिटी आपल्या वाट्याचे भाडे थांबवते, आणि अशा रीतीने बंद पडलेल्या काळाचे पैसे पुढे कधीतरी मिळतील असे धरून चालू नये. ते पैसे भाडेकरूकडून मागता येत नाहीत, आणि ते बंद झाले म्हणून त्याला घर सोडायलाही सांगता येत नाही. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर करारच रद्द होतो आणि कुटुंबाला व्हाउचर घेऊन दुसरीकडे जावे लागते. सहसा दर दोन वर्षांनी तरी तपासणी होते, आणि भाडेकरूची तक्रार आली तर मधेही होते.

फोडलेल्या दाराची गोष्ट वेगळी. नेहमीच्या वापराने होते त्यापेक्षा अधिक नुकसान भाडेकरूने किंवा त्याच्या घरच्यांनी, पाहुण्यांनी केले असेल, किंवा भाडेकरूने भरायचे वीज-गॅसचे बिल न भरल्यामुळे पुरवठा तुटला असेल, तर तो दोष कुटुंबाच्या नावे लागतो. मात्र हे ऑथॉरिटीला दाखवून द्यावे लागते. राहायला येण्याच्या दिवशी काढलेली तारखेसह छायाचित्रे आणि दोघांच्या सह्यांची घराच्या स्थितीची यादी तुमच्याजवळ असेल, तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. दार बदलण्याचा खर्च भाडेकरूकडे लेखी मागा. तो थकला तर घर सोडताना अनामतीतून वळता करता येतो. न्यू जर्सीत अनामत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, ती व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोबासह परत करावी लागते. व्हाउचरच्या भाडेकरूला यातले काहीही वेगळे नाही.

याच वाचकांनी तळघरात एक झोपण्याची खोली काढून भाडे वाढवण्याचा विचार लिहिला आहे. झोपण्याच्या प्रत्येक खोलीला खिडकी हवी, हा या योजनेचा जुना नियम आहे, आणि नगरपालिकेचे बांधकाम नियम त्याहून कडक असतात. नगरपालिकेचा परवाना हाती आल्याशिवाय तळघराला झोपण्याची खोली म्हणू नका.

प्रश्न : आम्ही २,५०० डॉलर भाडे मागितले होते, ऑथॉरिटीने २,३०० मंजूर केले. भाडेकरू भले गृहस्थ आहेत. ते स्वतः होऊन म्हणतात, ‘वरचे दोनशे मी दर महिन्याला रोख देतो.’ दोघेही राजी असताना यात वावगे काय?

कृपया हे करू नका, आणि केले असेल तर आजच थांबवा. या सदरातील इतर सर्व उत्तरे विसरलात तरी हे विसरू नका. ‘हॅप’ करारावर सही करताना तुम्ही लिहून दिलेले असते, की मंजूर भाड्याव्यतिरिक्त या घरासाठी भाडेकरूकडून किंवा अन्य कोणाकडून काहीही घेणार नाही. ऑथॉरिटीचा पैसा दर महिन्याला स्वीकारणे म्हणजे कराराच्या अटी आपण पाळत आहोत असे नव्याने सांगणे होय. त्याच महिन्यात खिशात दोनशे डॉलर आले असतील, तर ते सांगणे खोटे ठरते. सरकारला खोटी मागणी सादर करणाऱ्याविरुद्धचा जो केंद्रीय कायदा यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली झाला, तो न्यायालयांनी अशा वरकड पैशांच्या प्रकरणांना लावलेला आहे, आणि त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई अधिक प्रत्येक खोट्या मागणीमागे दंड असा हिशोब असतो. भाडेकरूचेही व्हाउचर जाऊ शकते. ज्या कुटुंबाने ते मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढली, त्याचा आधार महिन्याच्या दोनशे डॉलरपायी जावा, ही गोष्ट कोणत्याही सज्जन घरमालकाला मान्य होणार नाही.

‘तो राजी आहे’ या शब्दांवर फार विसंबू नये. घर शोधणाऱ्याच्या हातात व्हाउचर असते, पण त्याला मुदत असते. सुरुवातीला निदान ६० दिवस मिळतात, ते संपत आलेले असतात आणि समोर तुमचे एकच घर असते. त्या परिस्थितीतला होकार मोकळ्या मनाचा होकार नसतो.

रोख रकमेला दुसरे नाव दिल्यानेही काही बदलत नाही. त्या भागात भाड्यातच धरली जाते अशी पार्किंगची जागा, फ्रिज किंवा कचऱ्याची सोय यांचे व्हाउचरवाल्याकडून वेगळे पैसे घेणे, किंवा त्याच इमारतीतील इतरांना फुकट असलेल्या गोष्टीचे त्याला बिल लावणे, हेही पुरवणीने मना केले आहे.

करता येण्याजोगे मात्र बरेच आहे. ऑथॉरिटी भाडे ठरवते ते आसपासच्या, व्हाउचर नसलेल्या तशाच घरांशी तुलना करून. जागा, आकार, प्रकार, वय, स्थिती, सोयी, आणि वीज-पाण्याचा खर्च कोण उचलतो, हे सर्व त्यात पाहिले जाते. तुमच्या घराला नवीन स्वयंपाकघर असेल, वॉशर-ड्रायर घरातच असेल, गरम पाण्याचा खर्च तुम्ही उचलत असाल, तर ते लेखी कळवा आणि त्याच भागातील दोन-तीन घरांच्या भाड्याचे पुरावे जोडून फेरविचार मागा. अशा विनंतीवर आकडा बदलल्याचे मी पाहिले आहे. पहिल्या मुदतीत भाडे वाढवता येत नाही. त्यानंतर वाढवायचे असेल तर निदान ६० दिवस आधी ऑथॉरिटीला कळवावे लागते. आणि २,३०० खरोखरच परवडत नसेल, तर करारावर सही करू नये. वाजवी ठरलेले भाडे मान्य नाही म्हणून व्यवहार न होणे आणि व्हाउचर आहे म्हणून नाकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु तुमचा मागितलेला आकडा इतर अर्जदारांनाही तोच सांगितलेला असावा.

प्रश्न : भाडेकरूने तीन महिन्यांपासून स्वतःचा वाटा दिलेला नाही. ऑथॉरिटीचे पैसे नियमित येतात. कुलूप बदलता येईल का?

नाही. पुरवणीत स्पष्ट लिहिले आहे, की घर रिकामे करून घ्यायचे ते न्यायालयामार्फतच. न्यू जर्सीत तर स्वतः कुलूप बदलणे, वीज तोडणे किंवा सामान बाहेर काढणे बेकायदा आहे. स्वतःचा वाटा न भरणे हा कराराचा गंभीर भंग आहे आणि त्यावर कारवाई करता येते. मात्र भाडेकरूला दिलेल्या नोटिशीत कारण नमूद करावे लागते, तिची प्रत ऑथॉरिटीला द्यावी लागते, आणि ही प्रत द्यायची राहिल्यामुळे प्रकरण अडते असे वारंवार घडते. नोटिशीची मुदत आणि मजकूर स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या.

पण त्याआधी एक साधी गोष्ट करा. भाडेकरूला विचारा, की उत्पन्न घटले आहे का. नोकरी गेली, कामाचे तास कमी झाले, तर त्याने ऑथॉरिटीला कळवताच वाट्याचा फेरहिशोब होतो. ६०० चे २०० होतात आणि उरलेले ऑथॉरिटी भरते. कित्येक कुटुंबांना हे ठाऊकच नसते, किंवा भीतीने ते कळवत नाहीत. तुम्ही दोन ओळींचे पत्र लिहून हे सुचवले, तर तुमचे भाडेही सुरळीत होते आणि एका कुटुंबाचे छप्परही टिकते.

उलट प्रसंग आला, म्हणजे ऑथॉरिटीचाच पैसा आला नाही, तर तो भाडेकरूचा दोष मानता येत नाही आणि त्यासाठी त्याला काढता येत नाही. तसेच भाडेकरू बाई घरातील मारहाणीच्या बळी असतील आणि त्या हिंसेमुळे आरडाओरडा, पोलीस, मोडतोड असे प्रकार झाले असतील, तर त्या कारणावरून त्यांना घराबाहेर काढण्यास महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा केंद्रीय कायदा मनाई करतो. हिंसा करणाऱ्याला तेवढे करारातून वगळून बाकीच्या कुटुंबाला राहू देण्याची तरतूद त्यात आहे, आणि ती घरमालकाने जरूर वापरावी.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना व्हाउचर मिळाले आहे. आमचेच दुसरे घर रिकामे आहे. त्या तिथे राहिल्या तर?

व्हाउचरवर राहता येणार नाही. घरमालक हा भाडेकरू कुटुंबातील कोणाचाही आई-वडील, मूल, आजी-आजोबा, नातवंड किंवा भावंड असेल, तर ऑथॉरिटी करार करत नाही. घर तुमच्या पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर, म्हणजे सासूबाईंच्या अपत्याच्या नावावर, संयुक्तपणे जरी असले तरी हा नियम आड येतो. अपवाद एकच : कुटुंबात अपंग व्यक्ती असून तिच्यासाठी तेच घर सोयीचे आहे, असे ऑथॉरिटीने मान्य केले तर. मालकी लपवण्यासाठी घर मित्राच्या नावावर दाखवू नये.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘मराठी, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ अशी जाहिरात टाकली होती. एका सदस्याने ती काढायला लावली. एवढे गंभीर आहे का?

आहे, आणि त्या सदस्याने तुमच्यावर उपकारच केले. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर देण्यात भेदभाव करण्यास मनाई केली, लिंगाचा समावेश १९७४ मध्ये झाला, आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुले असलेली कुटुंबे यांनाही संरक्षण मिळाले. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला या कायद्यातून काही सूट असली, तरी ती जाहिरातीला लागू नाही. ‘मराठी’ हा शब्द मूळ देशाविषयीची पसंती सांगतो. ‘शाकाहारी’ या शब्दाचे संरक्षण थेट कायद्यात नसले, तरी तो धर्म आणि मूळ देश यांच्या आडून केलेली निवड म्हणून वाचला जाऊ शकतो. ‘हॅप’ करारातही समान वागणुकीची अट वेगळी लिहिलेली आहे. जाहिरातीत घराचे वर्णन करा, भाडेकरूचे करू नका.

प्रश्न : आम्ही निवृत्त होऊन पुण्याला परतलो आहोत. न्यू जर्सीतील घरात व्हाउचरचे भाडेकरू आहेत आणि भाचा लक्ष ठेवतो. आम्ही आणखी काय पाहावे?

भाच्याला लेखी अधिकारपत्र द्या आणि ऑथॉरिटीकडे त्याचे नाव, पत्ता व फोन नोंदवा. २४ तासांच्या दुरुस्तीची नोटीस पुण्याच्या पत्त्यावर टपालाने पोहोचेपर्यंत मुदत उलटून गेलेली असेल, आणि जबाबदारी तरीही तुमचीच धरली जाईल. त्याला प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन बोलावण्याचा, ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याचा अधिकार तुम्हाला विचारल्याशिवाय असावा. भाडेकरू घर सोडून गेल्याचे कळताच ऑथॉरिटीला त्याच दिवशी कळवा; रिकाम्या घराचे पैसे खात्यात येत राहिले, तर ते परत करावे लागतात, आणि माहीत असून ठेवून घेतले तर ती फसवणूक ठरते.

तुम्ही अमेरिकेचे नागरिक असाल, तर पुण्यात राहूनही कराची नेहमीची पद्धत चालू राहील. नागरिक नसाल आणि कराच्या दृष्टीने अनिवासी ठरत असाल, तर एकूण भाड्यावर ३० टक्के कपात होऊ शकते. खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडून आणि त्यासाठीचा डब्ल्यू-८ ईसीआय हा अर्ज भाडे देणाऱ्याकडे, म्हणजे ऑथॉरिटीकडेही, देऊन ती टाळता येते. हा पर्याय पहिल्याच वर्षी, दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराला विचारून निवडावा. घर विकण्याचा विचार असेल, तर भाडेकरार आणि ‘हॅप’ करार नव्या मालकाकडे सोपवण्यास ऑथॉरिटीची लेखी संमती लागते, ती विक्रीच्या कागदांपूर्वी मागून ठेवा आणि भाडेकरूची अनामत व्याजासह नव्या मालकाच्या स्वाधीन करा.